रुसणं, नांदणं आणि नकार

मराठीत 'नांदणं' हा एक गोड शब्द आहे. घरात सुख नांदतं, शांतता नांदते, लक्ष्मी नांदते आणि सून नांदते. जावई मात्र नांदत नाही. (घरजावई फार तर 'राहतो', आणि तेही जरा हळू आवाजात सांगतात.) लग्नात 'नांदा सौख्यभरे' हा आशीर्वाद दोघांना मिळून देतात खरा, पण 'नांदायला जाणं' हे एकट्या बाईचं काम. ती गेली नाही, किंवा जाऊन परत आली, की 'ती नांदत नाही' एवढं एक वाक्य गावाला पुरतं. पुढे कोणी कारण विचारत नाही.

गंमत म्हणजे याच भाषेत रुसण्याला केवढा मान आहे! पंढरपुरात रखुमाईचं देऊळ विठोबाच्या गाभाऱ्यापासून वेगळं आहे. कथा अशी सांगतात की रुक्मिणी रुसून दिंडीरवनात आली, देव तिला शोधत मागोमाग आले आणि इथलेच झाले. म्हणजे बायको रागावून घर सोडून जाते हे आपल्याला देवळात चालतं, गाण्यात चालतं, सिनेमात तर हमखास चालतं. का चालतं? तर रुसण्यात एक गृहीत धरलेलं असतं, की ती शेवटी परत येणार आहे. रुसवा काढता येतो. नकार काढता येत नाही.

बाईच्या नकाराचं आपण काय करतो, हे बघायचं असेल तर त्याच देवीचं नाव असलेल्या एका मुंबईकर बाईची गोष्ट बघायला हवी. तिचं नाव रखमाबाई.

२२ नोव्हेंबर २०१७ ला गूगलने तिचं डूडल केलं होतं, तेव्हा बऱ्याच जणांना हे नाव पहिल्यांदा कळलं. डूडलमधली बाई गळ्यात स्टेथोस्कोप घातलेली होती. 'भारतात प्रत्यक्ष प्रॅक्टिस केलेल्या पहिल्या काही स्त्री डॉक्टरांपैकी एक' अशी तिची ओळख. ती खरीच आहे. पण डॉक्टर व्हायच्या आधी तिने जे केलं ते मला जास्त मोठं वाटतं. तिने भर कोर्टात, आपलं नाव पेपरात छापून येत असताना, 'मला या माणसाबरोबर राहायचं नाही' असं सांगितलं. आणि ते बदलायला शेवटपर्यंत नकार दिला.

तर आधी थोडी पार्श्वभूमी.

रखमाबाईचा जन्म १८६४ चा. आई जयंतीबाई. ही जयंतीबाई पंधराव्या वर्षी आई झाली आणि सतराव्या वर्षी विधवा. जात सुतार. ब्राह्मणांत विधवेच्या नशिबी केशवपन आणि माजघराचा कोपरा होता, पण सुतारांत पाटाची चाल होती. त्यामुळे काही वर्षांनी जयंतीबाईचं डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न झालं. हे ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारे नामांकित डॉक्टर, वनस्पतिशास्त्राचे जाणकार, १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या मंडळींपैकी एक. पुन्हा लग्न करण्याआधी जयंतीबाईने पहिल्या नवऱ्याची मिळकत लेकीच्या नावावर करून दिली. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अकराव्या वर्षी रखमाबाईचं लग्न लागलं. नवरा दादाजी भिकाजी, सखाराम अर्जुनांच्या नात्यातला, वय एकोणीस-वीस. मुलगा गरीब होता. रखमाबाईकडच्या म्हणण्याप्रमाणे ठरलं होतं असं, की त्याने घरजावई म्हणून राहायचं, शिकायचं, 'चांगला माणूस' व्हायचं. मुलीला न्हाण आलं की गर्भाधान करायचं ही रीत. सखाराम अर्जुन आडवे आले. ते डॉक्टर होते, आणि इतक्या लहान वयातला शरीरसंबंध मुलीच्या शरीराचं काय करतो ते त्यांना शास्त्र म्हणून माहीत होतं. गर्भाधान झालं नाही. दादाजीचं शिक्षणात मन रमलं नाही. तो मामा नारायण धुरमाजीच्या घरी जाऊन राहिला, पुढे आजारीही पडला. रखमाबाई सावत्र वडिलांच्या घरी पुस्तकं वाचत मोठी झाली.

मार्च १८८४ मध्ये दादाजीने वकिलामार्फत नोटीस पाठवली: माझी बायको माझ्याकडे पाठवा. मग मुंबई हायकोर्टात दावा. दाव्याचं मराठी नाव पुस्तकी भाषेत 'दाम्पत्यहक्कांची पुनर्स्थापना'. आपल्या भाषेत नांदायला येण्याचा दावा.

आता जरा थांबून त्या काळातल्या तीन मुलींकडे एकत्र बघू. रमाबाई रानडे, जन्म १८६२. रखमाबाई, १८६४. आनंदीबाई जोशी, १८६५. साधारण एकाच वयाच्या. रमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी, एकतीस वर्षांच्या न्यायमूर्ती रानड्यांशी. आनंदीबाईंचं नवव्या वर्षी, बऱ्याच मोठ्या गोपाळरावांशी. रखमाबाईचं अकराव्या वर्षी. तिघींनाही कोणी विचारलं नव्हतं. रमाबाईंचा संसार झाला, नवरा गेल्यावर त्यांनी त्याच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं आणि पुण्यात सेवासदन उभं केलं. आनंदीबाईंना चौदाव्या वर्षी मूल झालं, ते दहा दिवसांत गेलं. त्यानंतर गोपाळरावांच्या हट्टाने आणि स्वतःच्या जिद्दीने त्या अमेरिकेत जाऊन १८८६ साली डॉक्टर झाल्या. या दोघींच्या बाबतीत आपण नवऱ्यांनाही श्रेय देतो, आणि ते बऱ्याच अंशी रास्तही आहे. पण विचार करा. त्या दोघींच्या आयुष्यात जे काही चांगलं घडलं ते नवरा कसा निघाला यावर अवलंबून होतं. चांगला निघाला तर शिक्षण, विक्षिप्त निघाला तर मार आणि शिक्षण दोन्ही, वाईट निघाला तर फक्त मार. लॉटरीच म्हणायची ही. रखमाबाईने तिकीटच परत केलं.

आणि इथेच कोर्टाची पंचाईत झाली.

तिच्या वकिलांची फौज काही साधी नव्हती. लॅथम, इन्व्हेरॅरिटी आणि आपले काशिनाथ त्र्यंबक तेलंग. त्यांनी कैफियतीत तीन कारणं मांडली. एक, नवऱ्याला तिला पोसायची ऐपत नाही. दोन, त्याची प्रकृती बरी नाही. तीन, तो ज्या मामाकडे राहतो त्या घरातलं वातावरण बाईमाणसाने राहण्यासारखं नाही. पैसा, रोग, चालचलन. कायद्याला कळतील अशी ही तीन कारणं. खरं कारण यातलं एकही नव्हतं, किंवा असलंच तर वरवरचं होतं. खरं कारण साधं होतं. अकराव्या वर्षी माझी संमती कोणी घेतली नव्हती, आता मला कळतंय, आणि मला हा माणूस नको आहे. पण 'नको आहे' हे लिहायला कैफियतीत रकानाच नव्हता. बाईला गरिबीचा त्रास होऊ शकतो, रोगाची भीती वाटू शकते, मार लागू शकतो, हे कायद्याला मान्य होतं. तिला नावड असू शकते, आणि ती नावड हीच पुरेशी गोष्ट असू शकते, हे मान्य नव्हतं.

दावा चालू असतानाच, एप्रिल १८८५ मध्ये, सखाराम अर्जुन वारले. घरातला एकमेव वजनदार पुरुष गेला. त्या वर्षी जून आणि सप्टेंबरमध्ये टाइम्स ऑफ इंडियात 'एक हिंदू स्त्री' अशा सहीने दोन पत्रं आली, पहिलं बालविवाहावर, दुसरं सक्तीच्या वैधव्यावर. लिहिणारी रखमाबाई होती. वीस वर्षांची, औपचारिक शिक्षण जेमतेम. दुसरं पत्र छापून आलं आणि दोनच दिवसांत, २१ सप्टेंबर १८८५ ला, न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल दिला. दावा फेटाळला.

पिन्हींचा मुद्दा मोठा गमतीदार आणि तितकाच नेमका होता. 'पुनर्स्थापना' म्हणायला आधी काही स्थापन झालेलं पाहिजे. हे दोघं कधी एकत्र राहिलेच नाहीत, मग परत काय मिळवून द्यायचं? आणि एका तरुण स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध अशा माणसाच्या स्वाधीन करणं हे रानटीपणाचं आहे, अशा अर्थाचं त्यांनी स्पष्ट लिहिलं.

झालं, गदारोळ उडाला. मुंबई-पुण्यातले पेपर या एका बाईवर तुटून पडले. हिंदू धर्म बुडाला, इंग्रजी शिक्षणाने बायका बिघडल्या, आता कोणाची बायको घरात टिकणार नाही, असा सूर होता. टिळक तिच्या विरोधात उभे राहिले, मंडलिकांच्या 'नेटिव्ह ओपिनियन'ने दादाजीची बाजू घेतली. राजकारणात ज्यांना आपण मानतो अशा माणसांनी त्या वेळी काय लिहिलं ते वाचताना जीव थोडा थोडा होतो. पण त्यांची भीती खोटी नव्हती, एवढं म्हटलंच पाहिजे. त्यांना बरोबर कळलं होतं की हा प्रश्न एका सुतार कुटुंबापुरता नाही. बायकोच्या इच्छेला एकदा किंमत दिली की तिची किंमत सगळीकडेच द्यावी लागणार होती.

दादाजीने अपील केलं. १८८६ मध्ये मुख्य न्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्हींचा निकाल फिरवला आणि दावा परत खाली पाठवला. ४ मार्च १८८७ ला न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: महिन्याच्या आत नवऱ्याकडे राहायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात.

रखमाबाईचं उत्तर होतं, तुरुंगात जाईन.

एक तारीख इथे सहज जुळते. आनंदीबाई जोशी पुण्यात वारल्या त्या २६ फेब्रुवारी १८८७ ला. म्हणजे या हुकुमाच्या फक्त सहा दिवस आधी. जी मुलगी नवऱ्याच्या मर्जीने डॉक्टर झाली तिच्यासाठी हळहळणारं शहर अजून सुतकातून बाहेर आलं नव्हतं, तोच तिच्याच वयाच्या दुसरीला तुरुंगाचा हुकूम निघाला. दोघी एकाच पिढीच्या, एकाच भाषेच्या.

पुढचं जरा भरभर सांगते. खटला विलायतेपर्यंत गाजला, मॅक्स म्युलरने लंडनच्या टाइम्सला पत्र लिहिलं, पंडिता रमाबाईंनी १८८७ च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात या निकालाबद्दल संताप व्यक्त केला. दादाजीने आपली बाजू मांडणारी एक पुस्तिका काढली, तिला रखमाबाईने पेपरातून जाहीर उत्तर दिलं. शेवटी जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजीने दोन हजार रुपये घेतले आणि हुकुमाची अंमलबजावणी सोडून दिली.

'व्हिक्टोरिया राणीने हस्तक्षेप करून लग्न रद्द केलं' अशी एक गोष्ट सगळीकडे फिरत असते. ऐकायला छान आहे, पण प्रकरण मिटलं ते दोन हजार रुपयांवर. आणि लग्न? ते कधी मोडलंच नाही. मोडणार कसं? हिंदू लग्नाला घटस्फोट नव्हता. मुंबई प्रांताने तो कायदा केला १९४७ साली. म्हणजे कायद्याच्या नजरेत रखमाबाई दादाजीची बायकोच राहिली. त्याला दुसरं लग्न करायला कायद्याची आडकाठी नव्हती. तिला होती.

दादाजीबद्दलही दोन शब्द, कारण त्याला खलनायक करून टाकणं सोपं आहे. तोही वयाच्या विसाव्या वर्षी बोहल्यावर चढवलेला गरीब मुलगा होता. मोठ्या घराने 'आम्ही तुला घडवू' म्हणून आणला, आणि घडला नाही म्हणून बाजूला ठेवला. त्याचं म्हणणं होतं की सासू आणि आजेसासरे मिळकतीसाठी मुलीला अडवून ठेवताहेत. (मघाशी म्हटलं ना, ती मिळकत लक्षात ठेवा.) आणि यात एक गोष्ट खरी आहे. नावावर पैसा नसता तर रखमाबाईला इतकी वर्षं कोर्ट लढवता आलं नसतं. किती जणींचे नकार पैशाअभावी चुलीपुढेच विरले असतील! पण दादाजीवर अन्याय झाला असेल तर त्याची भरपाई बाईच्या शरीराने करायची, हे कुठलं गणित? त्याच्या वकिलांनाच काय, बहुतेक संपादकांनाही हा प्रश्न पडला नाही.

आता हा कायदा आला कुठून, हे बघण्यासारखं आहे. धर्मरक्षक ज्याला हिंदू धर्माचा प्राण समजून लढत होते ती गोष्ट हिंदू धर्मशास्त्रातली नव्हतीच! नवऱ्याने न्यायालयात जाऊन बायको 'वसूल' करायची, न आल्यास तिला कैदेत टाकायचं, ही रीत इंग्लंडच्या चर्चच्या कोर्टांची. तिथे आधी हुकूम मोडणाऱ्याला धर्मबहिष्कृत करत, पुढे १८१३ पासून त्याऐवजी सहा महिन्यांपर्यंत कैद आली. तिथून हा दावा हिंदुस्थानात आला. १८६७ साली प्रिव्ही कौन्सिलने बंगालच्या एका मुसलमान जोडप्याच्या खटल्यात त्यावर शिक्कामोर्तब केलं, आणि मग तो सगळ्यांनाच लागू झाला. आणि कडी म्हणजे, ज्या १८८४ साली दादाजीने दावा लावला त्याच वर्षी इंग्लंडने स्वतःच्या कायद्यातून ही कैद काढून टाकली. तीन वर्षांनी मुंबईत एका मराठी बाईला तीच शिक्षा सुनावली गेली.

आमच्या धंद्यात याला लीगसी कोड म्हणतात. कोणीतरी, कुठल्यातरी जुन्या सिस्टीमसाठी, कुठल्यातरी वेगळ्याच गरजेपोटी लिहिलेला तुकडा. तो उचलून नव्या प्रोजेक्टमध्ये चिकटवलेला असतो. मूळ सिस्टीम बंद पडते, लिहिणारे निवृत्त होतात, पण नव्या ठिकाणी त्याला कोणी हात लावत नाही, कारण 'काढला तर काहीतरी मोडेल'. थोड्या वर्षांनी टीममधली नवी पोरं त्यालाच 'आपलं आर्किटेक्चर' म्हणायला लागतात. चर्चच्या कोर्टातला हा तुकडा तीसेक वर्षांत 'आपली संस्कृती' झाला. इंग्लंडने १९७० च्या कायद्याने तो साफ डिलीट केला. आपल्याकडे १९२३ साली त्यातली कैद काढली, जप्ती ठेवली. आणि मग १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात तो कलम ९ म्हणून नव्याने लिहून घेतला.

१९५५ चा मे महिना. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला रखमाबाई वारल्या, वयाच्या नव्वदीत. म्हणजे ज्या दाव्याविरुद्ध त्या विशीत उभ्या राहिल्या, तोच दावा स्वतंत्र भारताच्या कायद्यात आलेला त्यांच्या हयातीतच घडलं.

मधली वर्षं त्यांनी वाया घालवली नाहीत. १८८९ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांचा यात मोठा वाटा. लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत शिकल्या, १८९४ मध्ये ब्रुसेल्सची एम.डी. मिळवली, परत येऊन सुरतेला रुजू झाल्या. मग राजकोट. सुमारे ३५ वर्षं बायकांची बाळंतपणं आणि आजार. आपल्या शरीरावर कोणाचा ताबा असावा यावरून जिने तुरुंग पत्करायची तयारी दाखवली, तिचं उरलेलं आयुष्य इतर बायकांची शरीरं वाचवण्यात गेलं. यावर मी वेगळं काही लिहायची गरज नाही.

शरीराचा विषय निघालाच आहे तर कलकत्त्याची फुलमणी दासी आठवायलाच हवी. दहा-अकरा वर्षांची पोर. १८८९ साली पस्तिशीच्या आसपासच्या नवऱ्याच्या संबंधाने रक्तस्राव होऊन मेली. कायद्यात संमतीचं वय दहा होतं, आणि ती दहाच्या पुढची ठरली, म्हणून बलात्काराचा गुन्हा बसला नाही. हयगयीने इजा केल्याबद्दल नवऱ्याला एक वर्षाची सक्तमजुरी. या मरणानंतर १८९१ चा संमतिवयाचा कायदा झाला आणि दहाचे बारा झाले. त्यालाही टिळकांचा विरोध होता, हे सगळ्यांना माहीत आहे.

पण या दोन प्रकरणांची तुलना केली की एक गोष्ट ठळक दिसते. फुलमणीच्या बाबतीत समाज निदान हळहळला, कायदा थोडा तरी हलला. कारण ती मेली होती. जखम दाखवता येत होती, डॉक्टर साक्ष देऊ शकत होते. रखमाबाईच्या अंगावर जखम नव्हती. ती धडधाकट होती, विचार करून, शांत डोक्याने 'नको' म्हणत होती. जखमी मुलीची दया येते, ठाम बाईचा राग येतो. बाईचं दुःख आपल्याला समजतं, तिची इच्छा समजत नाही. आणि इच्छा समजून घ्यायची नसली की मग तिला दुःख सिद्ध करायला लावायचं. किती मारलं? कुठे मारलं? डॉक्टरचं सर्टिफिकेट आहे?

हे सगळं दीडशे वर्षांपूर्वीचं म्हणून सोडून देता येईल का? बघू.

१९८३ साली आंध्र प्रदेश हायकोर्टाचे न्यायमूर्ती चौधरी यांनी टी. सरिता खटल्यात कलम ९ घटनाबाह्य ठरवलं. त्यांचं म्हणणं असं, की हा हुकूम दिला की बाईच्या शरीराने कोणाचं मूल कधी वाढवायचं याचा निर्णय तिच्या हातातून सरकारच्या हातात जातो. पिन्हींनंतर शंभर वर्षांनी इतकं सरळ कोणीतरी बोललं. लगेच दिल्ली हायकोर्टाने उलट निकाल दिला आणि म्हटलं की घरात राज्यघटना आणणं म्हणजे काचसामानाच्या दुकानात बैल सोडणं. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरोज राणी खटल्यात कलम वैध ठरवून वाद मिटवला. लग्नं टिकवायला याचा उपयोग आहे, आणि शेवटी शिक्षा म्हणजे फक्त मालमत्तेची जप्ती, कोणी बाईला उचलून नेत नाही, असा एकूण रोख. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क म्हटल्यावर २०१९ साली कलम ९ ला पुन्हा आव्हान दिलं गेलं. कलम पुस्तकात आहेच.

माझी एक वकील मैत्रीण आहे. तिला विचारलं, हल्ली कोण लावतं हा दावा? ती हसली. म्हणाली, "अगं, नांदवायचं कोणाला असतं? बाईने पोटगी मागितली की तिकडून नांदायला येण्याचा दावा येतो. म्हणजे सांगता येतं, मी बोलावतोय, तीच येत नाही." हुकूम होऊन वर्षभर एकत्र आले नाहीत तर त्याच आधारावर घटस्फोटही मागता येतो. म्हणजे घर जोडायला ठेवलेलं कलम मोडायच्या कामी येतं. असा हुकूम न पाळणाऱ्या बाईची पोटगी तेवढ्यावरून आपोआप बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाला जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट सांगावं लागलं. यावरूनच काय चालत असेल ते कळावं. आता कायदा दोघांनाही सारखा आहे, बायकोही नवऱ्यावर दावा लावू शकते. कागदावर. पण हुकूम घेऊन नवऱ्याच्या दारात गेलेल्या बाईच्या पदरात काय पडतं, हे सांगायला वकील लागत नाही.

आणि दुसरीकडे बलात्काराच्या व्याख्येतला तो अपवाद. १८६० चा दंडविधान गेला, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. बायकोचं वय दहाचं बारा, मग वाढत वाढत पंधरा, आणि २०१७ च्या निकालाने अठरा झालं. आकडा वाढला, अपवाद राहिला. अठरा वर्षांपुढच्या बायकोच्या नकाराला त्या कलमात आजही जागा नाही. २०२२ मध्ये दिल्ली हायकोर्टाच्या दोन न्यायाधीशांनी यावर दोन विरुद्ध निकाल दिले. एकाला पिन्ही आठवले असतील, दुसऱ्याला सार्जंट. (हे आपलं माझं.)

रखमाबाईची एक गोष्ट राहिली. १९०४ साली दादाजी वारला. तेव्हापासून त्यांनी विधवेसारखी पांढरी साडी नेसायला सुरुवात केली, अशी नोंद त्यांच्या चरित्रात येते. हे वाचल्यावर मी बराच वेळ अडखळले. ज्याच्याबरोबर एक दिवस संसार केला नाही त्याचं सुतक? काही जण म्हणतात, शेवटी संस्कार जिंकले. काही म्हणतात, बाहेर काम करणाऱ्या एकट्या बाईला त्या काळात तेवढं कवच हवंच होतं. मला वाटतं, आपल्याला चुटपुट लागते याचं कारण आपल्यालाही बाईची भावना एका रकान्यात बसवायची सवय आहे. नकार दिला ना, मग द्वेषही कर. द्वेष नसेल तर नकार खरा नव्हता. पण एखाद्या माणसाबद्दल राग नसतानाही त्याच्याबरोबर राहायचं नाही, असं असू शकतं. त्याच्या मरणाचं वाईट वाटूनही विशीतला निर्णय बरोबरच होता, असंही असू शकतं. पांढरी साडी नेसणं तिने ठरवलं, जसं न जाणं तिने ठरवलं होतं. दोन्ही वेळा कोर्टाचा हुकूम नव्हता.

प्रेम, माया, ओढ, सवय, कर्तव्य, जे काय लग्नात असतं ते हुकुमाने आणता येत नाही, ही गोष्ट इतकी साधी आहे की लिहायलाही संकोच वाटतो. तरी तिच्यासाठी एका बाईला चार वर्षं कोर्टात उभं राहावं लागलं आणि तुरुंगाची तयारी ठेवावी लागली. आजही कुटुंब न्यायालयात 'का नांदत नाही?' असं विचारलं जातं आणि कायद्याला 'वाजवी कारण' लागतं. मार, दारू, हुंडा, व्यभिचार अशी यादी लागते. ज्या दिवशी त्या यादीत 'मला नको आहे' एवढीच ओळ लिहून चालेल, त्या दिवशी दादाजी विरुद्ध रखमाबाई हा दावा निकाली निघाला असं मी समजेन.